उलट्या उजेडाची अक्षरं

१

फोनच्या काचेवर पिठाची बोटं उमटली होती. गुलसुननं तो टेबलावरून पुढे सरकवला आणि पिठाचे हात मांडीवर पुसले.

"कढईत तेल तापत होतं," ती म्हणाली. "तेवढ्यात हे आलं. पोरीच्याच फोनवरून. मी लगेच उलट फोन केला, तर बंद. तेव्हापासून बंदच आहे."

इन्स्पेक्टर तोल्कून एशिमोवानं फोन हातात घेतला. एक चित्र होतं. मागे गडद निळी मखमल, कडेनं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी आणि मधोमध अक्षरं. नुसती सोनेरी नव्हेत, मधात बुडवून काढल्यासारखी दाट, तकतकीत.

'आपा, मी माझ्या मर्जीनं जाते आहे. शोधू नका. आशीर्वाद द्या. तुमची आयचुरोक.'

किरगीझ लोक आईलाही आपा म्हणतात, मोठ्या वयाच्या कुठल्याही बाईलाही. पोरगी सकाळी दुकानात कामाला म्हणून निघाली होती, ती तिथं पोचलीच नव्हती. याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोरगी लग्नासाठी उचलून नेली होती. आत्ता कुठल्या तरी घरात पडद्यामागे तिला बसवलं असेल, भोवती बायकांचा गराडा असेल, पांढरा रुमाल तिच्या डोक्याला बांधायची झटापट चालली असेल. एकदा तो रुमाल बसला आणि मुल्ला निकाह लावून गेला, की सगळे म्हणणार, आता झालं ते झालं. मुल्ला बहुधा दिवेलागणीला येतो. खिडकीबाहेर बर्फावरचं ऊन आत्ताच पिवळं पडायला लागलं होतं.

"यात गुन्हा कुठं आहे?" दारातून ठाण्याच्या प्रमुखांचा, मेजरसाहेबांचा आवाज आला. हातातला चहाचा वाडगा सावरत ते आत आले. "मुलगी पत्रिका न् फलक बनवायच्या दुकानात कामाला आहे ना? मग स्वतःच्या हातानं छान सजवून निरोप धाडलाय तिनं. काय हो आपा, ही अक्षरं तुमच्या मुलीचीच ना?"

गुलसुननं मान खाली घातली. "तिचीच. असं सोनं आख्ख्या गावात दुसरं कुणी करत नाही."

"ऐकलंस, तोल्कून? आईच सांगतेय. उद्या मुलाकडची वडीलधारी मंडळी माफी मागायला येतील, मेंढी कापतील, रडारड होईल आणि संपेल. उगाच लोकांच्या घरात पोलीस घुसवू नकोस."

"ती बिश्केकला जाणार होती!" गुलसुन एकदम उसळली. "पुढच्या आठवड्यात. तिथं नोकरी लागलीये तिला. पिशवी भरून दाराशी ठेवलीये. मर्जीनं जाणारी पोर ती पिशवीसुद्धा न नेता जाईल?"

मेजरसाहेबांनी खांदे उडवले. "पोरींची मर्जी. सकाळी एक, दुपारी एक. ही अक्षरं तिची नाहीत असं दाखवून दे, मग देतो गाडी."

ते गेले. तोल्कून पुन्हा चित्राकडे बघत राहिली. "अक्षरं सुंदर आहेत," ती हळूच म्हणाली. "मखमलीत कोरून काढल्यासारखी."

"कोरून?" गुलसुननं डोळे पुसले. "नाही हो. तिची अक्षरं फुगीर असतात. तळणीतून काढलेल्या ताज्या बोर्सोकसारखी. बघणाऱ्याला वाटतं, दोन बोटांत धरून उचलावीत."

"मला तर खोल गेलेली दिसतात. हे घ्या, बघा." तोल्कूननं फोन फिरवून टेबलावरूनच तिच्याकडे ढकलला. ढकलता ढकलता तिची नजर काचेवर गेली आणि तिचा हात थांबला.

आता अक्षरं तिच्या बाजूनं उलटी होती. आणि उलटी होताच ती मखमलीतून वर उठून आली होती. फुगीर, गुबगुबीत, उचलून घ्यावीत अशी.

तिनं फोन सुलटा केला. अक्षरं खड्ड्यात गेली. उलटा केला. वर आली.

"गुलसुन आपा," ती खुर्चीवरून उठत म्हणाली, "तुमच्या मुलीचं दुकान कुठं आहे?"

२

दुकान बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. आत शिरताच शाईचा वास आणि कोळशाच्या शेगडीची ऊब अंगावर आली. भिंतभर नमुने लावले होते: लग्नाच्या पत्रिका, बाळाच्या पाळण्याचे फलक, कॅफेची दरपत्रकं.

मालक मेदेर पन्नाशी उलटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस होता. तोल्कूनला तो लहानपणापासून ओळखत होता.

"ये, तोल्कून. मला कळलंय." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "काल संध्याकाळी मी तिच्यावर ओरडलो. वाटेल ते बोललो. हंगाम तोंडावर आला असताना सोडून चाललीस, कृतघ्न आहेस, असंसुद्धा. हे तुला दुसरं कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो."

"तिला अडवायचा प्रयत्न केलात?"

"पगार वाढवतो म्हणालो. उचलून नेऊन सून करून घ्यायला मला मुलगा नाही, तुझ्या मनात तेच असेल तर."

तोल्कूननं त्याच्यापुढे चित्र धरलं. "हे कसं करतात ते सांगा. मला कळेल असं."

मेदेरनं चष्मा डोळ्यांवर घेतला. बोलायला काहीतरी मिळालं म्हणून त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. "अक्षर आधी सपाटच असतं. मग कॉम्प्युटरवर त्याच्यावर एकेक थर चढवायचा. कडेला चकाकी, खाली सावली, आत सोन्याची छटा. मग त्याला सांगायचं की उजेड अमुक बाजूनं येतोय. जिकडून उजेड, तिकडची कड चमकते, पलीकडची काळवंडते. बस्स, डोळा फसतो. सपाट अक्षर वर आल्यासारखं दिसतं. आयचुरोकनं असे सगळे थर एकत्र करून एक नुस्खा साठवून ठेवलाय. त्याला ती 'मध' म्हणते. कोणत्याही अक्षरावर एका टिचकीत ओतता येतो."

"तिचाच कॉम्प्युटर लागतो?"

"छे. दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर आहे तो. तिनंच घालून दिला. असल्या गोष्टींत ती हातचं राखून ठेवत नाही."

म्हणजे सोनं तिचं होतं, हात कुणाचाही असू शकत होता. तोल्कून भिंतीजवळ गेली. आयचुरोकच्या पत्रिका ओळखायला वेळ लागला नाही. सगळ्यांत उजेड वरून, डावीकडून. तिच्या टेबलाला खिडकीही त्याच बाजूला होती. फोनवरच्या चित्रात मात्र चकाकी खालच्या उजव्या कडेला होती, जणू कुणी जमिनीवर दिवा ठेवून बसलं होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या डोळ्यांत भरली. आयचुरोकच्या नावात शेवटून दुसरं एक किरगीझ अक्षर येतं, गोल, पोटातून आडवी रेघ गेलेलं. भिंतीवरच्या नमुन्यांत ती रेघ दोन्ही टोकांना वळून गोलात मिसळून जात होती.

"हे अक्षर तिनं स्वतः काढलंय," मेदेर म्हणाला. "बाहेरून येणाऱ्या नक्षीदार लिप्यांत आपली अक्षरं नसतातच. रशियन तेवढी असतात. माझ्या स्वतःच्या नावाचं तरी नीट दिसायला हवं, म्हणत दोन दिवस बसली होती."

फोनवरच्या चित्रात ती रेघ वळलेली नव्हती. गोलावर आडवी काडी ठेवावी तशी वरून चिकटवलेली होती आणि त्या काडीला स्वतःची वेगळी चकाकी होती, वेगळी सावली.

स्वतःच्या नावासाठी दोन दिवस बसणारी मुलगी स्वतःच्याच नावावर काडी ठेवून मोकळी होणार नाही. तोल्कूनला आता खात्री पटली. पण ही खात्री अर्धीच होती. अक्षरं कुणाची नाहीत ते कळलं होतं. कुणाची आहेत ते नाही.

"दुकानात आणखी कोण काम करतं?"

उत्तर येण्याआधीच आतल्या खोलीतून कुणीतरी हुंदका दिला.

३

नुरझात आयचुरोकच्याच वयाची होती. शाळेपासूनची मैत्रीण. रडून तिचे डोळे सुजले होते, तरी तिनं आधी चहा ओतला, साखरेचा डबा पुढे केला.

"एजे, ती सापडेल ना?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तिनं विचारलं. "तिला त्रास तर नसतील ना देत?"

"सापडेल. तू सकाळपासून कुठं होतीस?"

"इथंच. दुकान मीच उघडलं. मेदेर बाइकेंना, आमच्या दादांना विचारा, मी टेबलावरून उठलेसुद्धा नाही." हे खरं होतं, मेदेरनं दारातून मान हलवली.

"तिच्या मागे कुणी लागलं होतं?"

नुरझातनं मागच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "नाव घ्यायला नको वाटतं. युसुप. मागे दगडांवर कोरायचं मशीन आहे, ते तो चालवतो. तिच्याकडे बघत राहतो नुसता. ती हसायची. मी म्हणायचे, अगं, हसू नकोस, असली गप्प माणसं वाईट."

"दगडांवर म्हणजे?"

"थडग्यांचे दगड, एजे. चेहरा, नाव, तारखा. ते सगळं त्याचं. मी नाही त्या बाजूला जात. मला मेलेल्यांची भीती वाटते." तिनं भिंतीकडे बोट केलं. "मी आपली पत्रिका करते. ती लाल सफरचंदांची माझी, ती हंसांची माझी."

तोल्कूननं त्या दोन्ही पत्रिका निरखून बघितल्या. उजेड डावीकडून. रेघ वळलेली. जमिनीवर दिवा ठेवणारी ही नव्हे, तिनं मनाशी म्हटलं.

"घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"आई. दम्यानं आजारी असते. आजी आहे. आणि भाऊ, नुकताच रशियाहून आलाय." नुरझातनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "एजे, मला आज जरा लवकर सोडाल? घरी पाहुणे यायचेत. पण तुम्ही म्हणत असाल तर थांबते. माझी मैत्रीण अशी संकटात असताना मला तरी घास कुठून उतरणार."

तिचा आवाज खरोखरच कापत होता. तोल्कूननं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि मागचं दार उघडलं.

दाराआड युसुप उभा होता, अगदी दाराला चिकटून. आणि त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ताजे ओरखडे होते.

४

"दगडाचे आहेत," ओरखड्यांकडे तोल्कूनची नजर गेलेली बघून तो म्हणाला. "सकाळी एक पाटी निसटली."

युसुप दुंगान होता, चिनी वंशाच्या मुसलमानांपैकी, रुंद हाडाचा, खाली बघून बोलणारा. खोलीभर काळ्या गुळगुळीत शिळा उभ्या होत्या आणि त्यांवरून म्हातारे-म्हाताऱ्या गंभीर चेहऱ्यानं बघत होते.

"ऐकत होतास दाराआडून?"

"हो. माझ्याबद्दलच चाललं होतं."

तोल्कूननं न विचारता त्याच्या टेबलाचा खण ओढला. छिन्नी, पट्टी, चिंध्या. चिंध्यांखाली एक फोटो. दुकानाच्या सहलीचा असावा. त्यातून आयचुरोकचा चेहरा तेवढा गोल कापून घेतला होता.

युसुपचे कान लाल झाले. "आमच्या घरात किरगीझ सून चालणार नाही. त्यांच्या घरात दुंगान जावई चालणार नाही. म्हणून फोटो. फोटोला कुणाची ना नसते."

"तिला न्यायचा विचार कधी मनात आला?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "माझ्या धाकट्या बहिणीला असंच नेलं होतं. ती परत आली, पण बोलत नाही. इतकी वर्षं झाली, नीट बोलत नाही. तुम्ही मला काय विचारताय?"

तोल्कूननं खण ढकलून बंद केला. तिच्या खिशात फोन वाजत होता, मेजरसाहेब असणार. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत एका शिळेवर आलं होतं. शिळेवर कोरलेलं नाव त्या उन्हात उजळलं: 'ओमुर्बेक'. गोल अक्षर आणि त्याच्यावर आडवी ठेवलेली काडी.

ती पुढची शिळा बघायला गेली. त्याच्या पुढची. सगळीकडे तीच काडी. शेजारी भिंतीवर त्या शिळांचे कागदावर छापलेले नमुने टांगले होते, गिऱ्हाइकाला आधी दाखवायचे. कागद सपाट, पण त्यावरची अक्षरं दगडात खोल गेल्यासारखी दिसत होती. चकाकी खालच्या उजव्या कडेला होती.

दिवा जमिनीवर होता. मेलेल्यांच्या नावांसाठी.

फोन पुन्हा वाजला. तिनं तो कानाला लावला. पलीकडून मेजरसाहेब सांगत होते, "त्या दुंगान पोराला आण इकडं. कोणीतरी म्हणालं, तोच तिच्या मागे होता. आता खूश? पकडायला माणूस मिळाला तुला."

"कोण म्हणालं?"

"दुकानातल्याच मुलीचा फोन आला होता आत्ता."

तोल्कूननं फोन ठेवला. सगळी बोटं एकाच माणसाकडे होती, सगळ्या खुणाही त्याच्याच खोलीत होत्या. आणि तो माणूस तिच्यासमोर हात लोंबते सोडून उभा होता.

"युसुप," ती म्हणाली, "मशीनच्या कॉम्प्युटरवर तुझ्या बहिणीचं नाव लिही. असंच कोरीव दिसेल असं."

तो गोंधळला. "मला येत नाही ते."

"मग हे काय?" तिनं भिंतीकडे हात केला.

"मी फक्त मशीन चालवतो. अक्षरं मला तयार मिळतात. दुकानात तशी वाटणीच आहे. लग्नं आयचुरोककडे, मयती…"

तो थांबला. दारात कप-बश्यांचा आवाज झाला होता. चहाचं तबक घेऊन नुरझात उभी होती आणि तबकातल्या बश्या एकमेकींवर वाजत होत्या.

"मयती कुणाकडे?" तोल्कूननं विचारलं.

५

उत्तर तिच्या मागून आलेल्या मेदेरनं दिलं. "नुरझातकडे. सुरुवातीपासून. का?"

"पण पत्रिका? सफरचंदांची, हंसांची?"

"त्या आयचुरोकच्या. भिंतीवरच्या सगळ्याच तिच्या आहेत."

तोल्कूननं मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या. कुणी बोट दाखवलं म्हणून तिनं ते खरं धरलं होतं.

"बाइके, नुरझातच्या कॉम्प्युटरवर थडग्याची कुठलीही फाइल उघडा. आयचुरोकचं नाव लिहा आणि त्यावर तो मध ओता."

मेदेर नुरझातच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. नुरझात भिंतीला टेकून उभी होती. तबक अजून तिच्या हातातच होतं, ते कुठं ठेवावं हे तिला सुचत नव्हतं. पडद्यावर काळा दगड आला, त्यावर नाव उमटलं, मेदेरनं टिचकी मारली आणि नाव सोन्याचं झालं. खोल, दगडात रुतलेलं, खालून उजळलेलं सोनं.

"अरे देवा," मेदेर पुटपुटला. "उजेड!"

"सांगा ना. मोठ्यानं सांगा."

"नुस्खा उसना घेतला, तरी उजेडाची दिशा त्या त्या फाइलची असते. ही अक्षरं खोदल्यासारखी दिसावीत म्हणून हिनं आपल्या फाइलचा उजेड कायमचा उलटा करून ठेवलाय. जे काही तिच्यात ओताल, ते असंच खड्ड्यात दिसणार."

"आणि तुला ते जाणवलं नाही," तोल्कून नुरझातकडे वळली, "कारण रोज तुझ्या डोळ्यांना हेच दिसतं. तुला नवी फाइल करायला वेळ नव्हता, नुरझात? की हात कापत होते? दगड पुसून मागे मखमल घातलीस, मध ओतलास, पण तिच्या नावात ते अक्षर आलं तेव्हा सवयीनं काडी ठेवलीस. चित्र आधीच करून भावाकडे दिलंस. तू दिवसभर इथं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि भावानं चित्र पाठवलं तिच्या फोनवरून. पत्रिका माझ्या म्हणालीस, दगड त्याचे म्हणालीस. थडग्यांची भीती वाटते म्हणालीस. भाऊ रशियाहून आलाय. घरी पाहुणे यायचेत. कोण पाहुणे? मुल्ला?"

तबक खाली पडलं.

"परक्या घरी नाहीये ती!" नुरझात किंचाळली. "माझ्या घरी आहे! माझी आई तिला फुलासारखी जपेल. माझा भाऊ कुबात दारूला शिवत नाही. काय वाईट केलं मी? बिश्केकला गेली असती, तर परत आली असती का ती? एखाद्या वर्षात मला ओळखलंसुद्धा नसतं तिनं. आता आम्ही एका चुलीपाशी राहू. जन्मभर."

"तिला विचारलंस?"

नुरझात खाली वाकून बश्यांचे तुकडे गोळा करू लागली. मग अगदी हळू, लहान पोरीसारखं तिनं विचारलं, "एजे, ती रडत असेल का?"

खिडकीतलं ऊन शिळेवरून उतरून गेलं होतं.

६

नुरझातचं कारा-बुलुंग गाव सरोवराच्या कडेनं जरा लांब होतं आणि रस्त्यावर बर्फ कडक झाला होता. मेजरसाहेबांनी गाडी दिली, बोलल्या शब्दाला जागले, पण बरोबर आले नाहीत. तोल्कून पुढे बसली होती. मागे गुलसुन आणि नुरझात, मध्ये एक शिपाई. गुलसुन एकदाही नुरझातकडे बघत नव्हती. ज्या मुलीला तिनं शाळेच्या दिवसांपासून जेवू घातलं होतं, तिच्याकडे बघण्याची बहुधा तिला हिंमत होत नव्हती.

प्रत्येक वळणावर तोल्कूनच्या मनात तोच हिशेब चालला होता. आत्ता मुल्ला निघाला असेल. आत्ता दाराशी पोचला असेल. समोर मेंढरांचा कळप आडवा आला, तेव्हा तिनं काच खाली करून मेंढपाळाला अशा काही शिव्या घातल्या की शिपाईसुद्धा चमकला.

नुरझातच्या घराच्या अंगणात धूर होता, मोठ्या कढईत मांस शिजत होतं. शेगडीशी उभा असलेला उंच, हडकुळा तरुण पोलिसांची गाडी बघून जागीच थिजला. तोच कुबात असावा. तोल्कून त्याच्याकडे न बघता दाराशी गेली.

आतून बायकांचा कालवा येत होता. "बांध गं बांध, अशाच रडतात सगळ्या!" "आम्हीही अशाच रडलो होतो!" कोपऱ्यात भरतकामाचा पडदा टांगला होता आणि पडद्याखाली मोजे घातलेली दोन पावलं दिसत होती.

"आयचुरोक!" गुलसुननं हाक मारली.

पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला. मुलगी आतून आली ती दोन बायकांना अंगावर लटकवतच. केस सुटलेले, गालावर नखांचे ओरखडे. पण डोकं उघडं होतं. पांढरा रुमाल तिच्या मुठीत चुरगळून गोळा झाला होता.

ती दारापर्यंत आली आणि थबकली. कारण तेवढ्यात घरातली सगळ्यांत म्हातारी बाई, नुरझातची आजी, उंबऱ्यावर आडवी झाली होती. लांबच लांब, डोळे मिटून.

सगळा कालवा थांबला. म्हातारीला ओलांडून जाणारीचं कधी भलं होत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला बाळकडूतच मिळालेलं होतं. आयचुरोकचा उचललेला पाय मागे आला. तिनं आईकडे बघितलं. गुलसुनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कायद्याचं सगळं तोल्कूनला पाठ होतं, पण हे कायद्यातलं नव्हतं. तिची स्वतःची आई अशाच एका उंबऱ्यावरून मागे फिरली होती आणि मग त्या घरात म्हातारी झाली होती. आई ते कधी सांगायची नाही. फक्त उंबऱ्यावर कुणी बसलं की तिला राग यायचा.

"आपा," तोल्कून खाली वाकून म्हातारीला म्हणाली, "गार फरशीवर झोपू नका. कंबर धरेल." म्हातारीनं डोळे उघडले नाहीत. तेव्हा तोल्कून सरळ झाली, बूट उचलला आणि बाहेरून आत, तिला ओलांडून गेली. एका बाईनं तोंडावर रुमालाचं टोक घेतलं.

"जे काही लागायचं ते मला लागेल," तोल्कून म्हणाली आणि आयचुरोकपुढे हात केला. "चल."

आयचुरोकनं डोळे मिटले आणि पाय उचलला.

७

ठाण्यात दिवे लागले होते. बाहेरच्या ओट्यावर कुबातचे काका, मामा, गावातली पांढरी दाढीवाली मंडळी जमा झाली होती. मेजरसाहेब त्यांच्याशी गोड बोलून आत आले.

"हे बघ, पोरी," ते आयचुरोकला म्हणाले, "तू सुखरूप आहेस, देवाची कृपा. ती मंडळी माफी मागायला तयार आहेत. मैत्रिणीचं आयुष्य आहे, तिची आई आजारी आहे. तू लिहून दिलंस, तर दोघं भावंडं आत जातील. जरा विचार कर."

आयचुरोकच्या खांद्यावर आईचा कोट होता. समोरच्या बाकावर नुरझात बसली होती, शिपायाशेजारी, आणि एकटक तिच्याकडेच बघत होती, जणू आत्ता हसेल, आत्ता म्हणेल, चल, जाऊ या घरी.

गुलसुन उठली. तोल्कूनला वाटलं, आता ही म्हणणार, जाऊ दे, मिटवून टाका. लोक काय म्हणतील. बहुतेक आया इथंच म्हणतात. गुलसुननं मेजरसाहेबांच्या पुढ्यातली खुर्ची ओढली, तोल्कूनच्या टेबलाशी आणून ठेवली आणि मुलीला म्हणाली, "बस. सांग."

आयचुरोक बसली. तोल्कूननं कागद पुढे घेतला.

"कुबातपासून सुरुवात करू?"

"नाही," आयचुरोक म्हणाली. "त्याला मी लहानपणानंतर आज पहिल्यांदाच बघितलं. सकाळी मला फोन करून कोण म्हणालं, पुलापाशी ये, माझा भाऊ दुकानात सोडेल, बाहेर फार थंडी आहे, चालत येऊ नकोस? तिथून घ्या."

"कोण म्हणालं?"

बाकावर नुरझातनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आयचुरोकनं तिकडे बघितलं नाही. तिनं एकदा श्वास घेतला, तो पुरला नाही, म्हणून पुन्हा घेतला.

"नुरझात," ती म्हणाली. नाव घेताना तिचा आवाज फुटला. पण ती थांबली नाही, नुरझातच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव, सगळं नीट, एकेक करून सांगत गेली, आणि तोल्कून लिहीत गेली.